रुतलेलें चाक

(शास्त्रपाठ : मत्तय ५ : २३, २४)



या शास्त्रपाठांत प्रभु येशू एका मनुष्याचें चित्र आपणांपुढें ठेवितो. तो मनुष्य अर्पण घेऊन वेदीपर्यंत येऊन पोहोंचला आहे, आणि तेथें त्यास आठवण होते कीं, आपल्या भावाचें मन आपल्याविषयीं दुखावलेलें आहे. त्यानें तसेंच माघारें वळावें, अगोदर भावाशीं समेट करावा आणि मग अर्पणास यावें, अशी प्रभूची आज्ञा आहे. मूळ दोष कोणाचा, याची चौकशी प्रभूनें येथें केलेली नाहीं. ज्यास आठवलें त्यानेंच निघावयाचें आहे. आणि हें पहिलें निघणेंच आपणांस सर्वांत जड जातें.

शेतकरी बांधवांस याचें नवल वाटूं नये. भरलेली बैलगाडी उभी असतां तिला पहिला हेलकावा देण्यास बैलांस किती जोर करावा लागतो, हें ते नित्य पाहतात. बैलांच्या माना ताठतात, जूं करकरतें, खूर मातींत रुततात. परंतु चाकाचा एक फेरा झाला कीं तेच बैल तेंच ओझें संथपणें ओढूं लागतात. याचें कारण असें कीं, उभ्या गाडीचें चाक आपल्याच भारानें मातींत थोडें बसलेलें असतें. त्या खळग्यांतून तें वर काढावें लागतें. शिवाय स्थिर वस्तूस गति द्यावयाची तर त्यासाठीं निराळा जोर खर्च होतो. गति आल्यावर वाटेचा अडथळा सोसण्यापुरताच जोर लागतो.

आयझॅक न्यूटन या इंग्रज विद्वानानें १६८७ सालीं छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील पहिला असा कीं, बाहेरून जोर लागेपर्यंत उभी वस्तु उभीच राहते, आणि चालती वस्तु त्याच वेगानें सरळ रेषेंत चालत राहते. (न्यूटन हा पवित्र शास्त्राचा मोठा अभ्यासी होता. दानीएल व प्रकटीकरण या पुस्तकांवरील त्याचें लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १७३३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचीं सर्वच मतें आमच्या मंडळ्यांस मान्य होण्याजोगीं नव्हतीं, हेंही सांगितलें पाहिजे.) नियमाचा पूर्वार्ध सर्वांस पटतो, उत्तरार्ध पटत नाहीं, कारण ढकललेली प्रत्येक वस्तु थोड्या वेळानें थांबते असेंच आपण पाहतों. पण ती आपण होऊन थांबत नाहीं. माती, वारा व घर्षण तिला थांबवितात. १९७७ सालीं अमेरिकेंतून आकाशांत सोडलेलें व्हॉयेजर १ हें यान आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे सेकंदास सुमारें १७ किलोमीटर वेगानें जात आहे. त्यास पुढें रेटणारें कोणतेंही यंत्र चालू नाहीं. सूर्याच्या ओढीनें त्याचा वेग किंचित् कमी होतो, इतकेंच. इतक्या दूर न जातां घरींही हाच नियम दिसतो. कुऱ्हाडीचें पातें सैल झालें म्हणजे दांड्याचें बूड दगडावर आपटतात. दांडा थांबतो, पण पातें आपल्या गतीनें खालीं येत राहतें आणि घट्ट बसतें. एस.टी.नें एकाएकीं ब्रेक लाविला तर उभे प्रवासी पुढें कां झुकतात, हें आतां निराळें सांगावयास नको.

हा नियम मंडळीकडे लावून पाहूं. आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत दोन घराण्यांचें वैर ही दुर्मिळ गोष्ट नाहीं. शेताच्या बांधावरून, सोयरिकींतून, किंवा मंडळीच्या जमाखर्चावरून वांकडें येतें. मग एक घर प्रभुभोजनास बसलें कीं दुसरें बाहेर चिंचेखालीं उभें राहतें. दोन्ही घरीं प्रार्थना होते, दोन्ही घरें वर्गणी देतात. दोघांच्या अंगीं जोर आहे, आणि दुःख याचेंच आहे. दोरीच्या दोन टोकांस विरुद्ध दिशांनीं सारखाच जोर लाविला तर तळहात सोलतात, दम लागतो, आणि मधली गांठ जेथल्या तेथें राहते. दुरून पाहणारास वाटतें, ही मंडळी झोंपली आहे. ती झोंपलेली नाहीं. ती थकली आहे. अशीं वैरें पदरीं बांधून कित्येक म्हातारीं माणसें मातीआड झालीं, आणि समोरच्या घरचा एकही मनुष्य मूठभर माती टाकावयास आला नाहीं. त्यांचीं नातवंडें रविवारच्या शाळेंत निरनिराळ्या बांकांवर बसतात. भांडण कशाचें होतें, हें त्यांस ठाऊकही नसतें.

येथें कित्येक उपदेशक घर्षणालाच पाप ठरवून मोकळे होतात. मला तें पटत नाहीं. आषाढांत निसरड्या बांधावरून चालून पाहा. आपला पाय जमिनीस मागें रेटतो व जमीन आपणांस पुढें रेटते, म्हणून चालणें होतें. हाच न्यूटनचा तिसरा नियम. जेथें घर्षण नाहीं तेथें पाय घसरतो आणि मनुष्य पडतो. मंडळीच्या सभेंत जो भाऊ हिशेब मागतो, जी बहीण अप्रिय पण खरें बोलते, त्यांच्यामुळें मंडळीचा पाय जमिनीवर राहतो. वंगण आंसास घालावयाचें असतें. तें वाटेवर ओतलें तर बैलही पडतील. म्हणून समेट करावयाचा तो खरें-खोटें गुंडाळून ठेवून करूं नये. जमिनीची मोजणी व्हावयाची असेल तर होऊं द्या, वही तपासावयाची असेल तर तपासा. पण बोलण्यांत मार्दव असूं द्या.

आणि उशीर करूं नका. भरधाव वाहनाचा वेग दुप्पट झाला तर, ब्रेकचा जोर तितकाच असतां, तें थांबण्यास चौपट अंतर लागतें. उंसानें भरलेला ट्रॅक्टर उतारावर हांकणारास हें ठाऊक असतें. रागाचेंही असेंच आहे. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, असें पौल इफिसकरांस लिहितो (४ : २६). रात्रभर त्यास वेग घेऊं दिला तर सकाळीं तो आपल्या हातीं राहत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, मी तर उभाच आहें, आणि आपल्या बळानें माझें पाऊल निघत नाहीं. बंधो, तुझें म्हणणें खरें आहे. उभी वस्तु आपण होऊन निघत नाहीं. तिला बाहेरून रेटा लागतो. परंतु तो रेटा तुला आधींच मिळाला आहे. आपण देवावर प्रीति करण्यापूर्वी त्यानें आपणांवर केली, हें योहानाच्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायांत सांगितलें आहे. लूक १५ मधील बाप उंबऱ्यांत पुत्राच्या क्षमायाचनेची वाट पाहत बसला नाहीं. पुत्र दूर असतांनाच तो धांवत गेला. मात्र दगड आणि मनुष्य यांत एक भेद आहे. दगडास रेटा नाकारतां येत नाहीं, मनुष्यास येतो. यास्तव गतीचा नियम हा आपल्यासाठीं दृष्टांत आहे. सुवार्तेचा पुरावा म्हणून तो कोणापुढें मांडूं नये.

एक शब्द पंचांसाठीं व वडील मंडळींसाठीं. गाडी चिखलांत रुतली म्हणजे कांहीं माणसें कडेला उभीं राहून बैलांवर ओरडतात. कांहीं मागून साटीला खांदा लावितात. जाणता गडी मात्र चिखलांत उतरतो आणि चाकाचा वरचा भाग धरून पुढें ओढितो. चाक जमिनीस टेंकतें तेथून वरचा कांठ आंसापेक्षां दुप्पट उंच असतो, म्हणून साटीस लाविलेल्या जोरापेक्षां तेथें लाविलेला तितकाच जोर दुप्पट उपयोगी पडतो. त्याचे कपडे मात्र चिखलानें भरतात. एकमेकांचीं ओझीं वाहण्याविषयीं पौलानें गलतीकरांस लिहिलें (६ : २), तें अशाच माणसांस शोभतें. तेव्हां वडील मंडळींनो, पुढील प्रभुभोजनापूर्वी केवळ व्यासपीठावरून समेटाची सूचना वाचून थांबूं नका. त्या दोन घरांपैकीं एका घरीं संध्याकाळीं जाऊन बसा, चहा घ्या, त्यांचें सर्व गाऱ्हाणें ऐकून घ्या, आणि उठतांना त्या घरच्या कर्त्या पुरुषाचा हात धरून म्हणा, “चल, मी तुझ्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत येतों.”