अग्नि मागणारा योहान

शास्त्रभाग : लूक ९:५१–५६

आवेश हा शब्द आपल्या मंडळ्यांत मोठ्या आदरानें उच्चारला जातो, व तें योग्यच आहे. लावदिकियाच्या मंडळीला प्रभूनें कोमटपणाचा दोष लाविला, हें कोणीं विसरूं नये. परंतु विस्तव चुलींत असला तर भाकर भाजते, आणि छपराला लागला तर घर जातें, विस्तव तोच. म्हणून आज आवेशाच्या मर्यादेविषयीं चार शब्द लिहितों.

प्रभु यरुशलेमेस चालला असतां शोमरोनी लोकांच्या एका खेड्यानें त्याला उतरूं दिलें नाहीं. कारण जुनेंच होतें : उपासनेचें खरें ठिकाण त्यांचा डोंगर कीं यरुशलेम, हा वाद. याकोब व योहान संतापले, आणि आकाशांतून अग्नि पाडण्याची त्यांनीं परवानगी मागितली. एलीयानें तसें केलें होतें; तेव्हां तुम्हांला शास्त्राचा आधार नाहीं, असें त्यांना कोणी म्हणूं शकला नसता! त्यांचें प्रभूवरील प्रेमही खोटें नव्हतें. तरी प्रभूनें वळून धमकाविलें तें आपल्याच शिष्यांना. आणि मग तो काय करितो? दुसऱ्या गांवाची वाट धरितो.

आतां प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडा. फिलिप्पाच्या उपदेशानें शोमरोनांत लोकांनीं वचन स्वीकारलें, तेव्हां यरुशलेमेहून पेत्राबरोबर कोणाला पाठविण्यांत आलें? ह्याच योहानाला. ज्या लोकांवर त्यानें अग्नि मागितला होता, त्यांच्यासाठीं त्यानें पवित्र आत्मा मागितला, आणि परततांना त्यांच्या पुष्कळ खेड्यांतून सुवार्ता सांगितली. योहानाचा आवेश तोच होता. मागणें मात्र पालटलें होतें. तें पहिलें खेडें त्या दिवशीं जळालें असतें, तर सुवार्ता ऐकावयास तेथें कोण उरलें असतें?

केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं संजीवन आलें, तेव्हां मुली रडून पापें कबूल करीत व सर्वजणी एकदम मोठ्यानें प्रार्थना करीत. कित्येकांना तें रुचलें नाहीं. बाईंनीं तो उत्साह दडपला नाहीं. पण मूळ इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठींत शास्त्र आणण्याचें काम त्या १९२२ मधील आपल्या मृत्यूच्या सुमारापर्यंत शब्दाशब्दानें करीत राहिल्या. मोठ्यानें केलेली प्रार्थना आणि मुकाट्यानें केलेलें काम हीं एकाच छपराखालीं नांदलीं.

हें मी कां लिहितों? माझ्याकडील एका लहान मंडळींतला एक तरुण बंधु संजीवनाच्या सभांहून मोठ्या आनंदानें परतला. त्याचा आनंद खरा होता. त्यानें दारू सोडली, कर्ज फेडूं लागला. पुढें तो म्हणूं लागला कीं, जो मोठ्यानें प्रार्थना करीत नाहीं त्याला आत्मा मिळालाच नाहीं. आणि एका रविवारीं हें तो एका वृद्ध विधवेकडे पाहून बोलला. मी तेथेंच उभा होतों. इतका उत्साही बंधु हातचा जाऊं नये म्हणून मीं तोंड उघडलें नाहीं, आणि त्या मौनाला मनांतल्या मनांत सौम्यपणा हें नांव दिलें! पुढच्या प्रभुभोजनास तिची जागा रिकामी होती. मी घरीं गेलों तेव्हां ती ज्वारी पाखडीत होती. "पाळकसाहेब, मला मोठ्यानं येत न्हाई," एवढेंच ती म्हणाली, आणि तिनें सूप पुन्हा हातीं घेतलें.

उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्मा बुडवून कीं शिंपडून, भजन टाळमृदंगावर कीं बाजाच्या पेटीवर, ह्यांविषयीं तुमचें मत अवश्य असूं द्या. कोणीं विचारलें तर न भितां सांगा. परंतु रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचल्यावांचून तें मत दुसऱ्याच्या गळीं उतरवूं नका. तेथें पौल स्वतःचें मत लपवीत नाहीं, तरी दुबळ्या भावासाठीं तो ताटांतला घांस सोडावयास तयार आहे.

त्या तरुणाशीं मी शेवटीं एकांतीं बोललों, तेंही फार उशिरां. तो आधीं रागावला, मग रडला. आतां दर शनिवारीं तो तिच्या घरीं पाणी भरून देतो, आणि तिला वाचतां येत नाहीं म्हणून शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचून दाखवितो. प्रभूच्या मेजाशीं मात्र ती अजून आलेली नाहीं.