गिऱ्हाईक आणि पाहुणा

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे सरकला की आमच्याकडे चिखलदऱ्याचा विषय निघतो. समुद्र आम्हाला लांब. वऱ्हाडाची मौजेची जागा म्हणजे सातपुड्यातलं, सुमारे ११०० मीटर उंचीवरचं हे गाव. परतवाड्याहून घाट चढायचा, गाविलगड पाहायचा, साहसी खेळांच्या दोरांना लटकायचं. यात गैर काहीच नाही. दमलेल्या माणसाला खेळ आणि गारवा हवाच. माझा प्रश्न इतकाच, की पैसे मोजले म्हणजे तिथल्या माणसांशी आपला हिशेब मिटतो का?

कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर जन्मलेल्या जमैका किंकेड यांनी 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) या पुस्तकात सुट्टीवर येणाऱ्यांना खडे बोल सुनावले आहेत. कुठेतरी फिरून यावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण जगातल्या बहुतेकांना ते परवडत नाही, आणि त्यांचं रोजचं गाव दुसऱ्यांचं सुट्टीचं ठिकाण होतं, असं त्या सांगतात.

मेळघाटातला कोरकू माणूस गाव सोडतो, पण सोयाबीन सोंगायला किंवा वीटभट्टीवर. घाट तोच. आपण चढलो की सहल, तो उतरला की स्थलांतर.

होळीला मात्र तो घरी परततो. कोरकूंचा हा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत रस्त्यावर गाड्या अडवून फगवा मागतात. गाडीतले कुरकुरतात : आम्ही हॉटेलचे पैसे दिले, इथल्या लोकांना रोजगार दिला, आता ही वसुली कशाला?

रोजगाराचा मुद्दा खोटा नाही. पण मजुरी कामाची असते आणि बिल खोलीचं. ज्यांच्या डोंगरात आपण मोकळा श्वास घेतला, त्यांचं देणं दोन्हींत येत नाही. फगवा मागणारा आपल्याला गिऱ्हाईक समजत नाही. माझ्या घरावरून चाललात, माझा सण आहे, असं तो सांगतो. गिऱ्हाईकाचा संबंध पावतीपाशी संपतो. पाहुण्याचा संपत नाही, कारण यजमानही कधीतरी त्याच्या दारी येणार असतो.

आणि तो येतोच, सोंगणीच्या दिवसांत, बायको-पोरांसह. त्याला ठरलेली मजुरी वेळेवर मिळते का, रात्री डोक्यावर छप्पर असतं का, त्याच्या पोरांच्या शाळेचं कोणी विचारतं का? चिखलदऱ्याला आपण कसे वागलो, याचं उत्तर मला चिखलदऱ्यात सापडत नाही; ते आपल्या शिवारात शोधावं लागतं.