पळसाला पाने तीनच



उपवासकाळ सुरू होतो त्याच सुमारास आपल्या भागात पळस फुलतो. यंदा आपल्या युवकांनी हट्ट धरला, "फादर, एक शनिवार ज्ञानगंगेच्या जंगलात पळस बघायला जाऊ या." मी होकार दिला. मिस्सानंतर पायरीवर बसलेल्या एका आजींनी ते ऐकले आणि त्या हसून म्हणाल्या, "पळस पाहाले तिकडं कायले जाता, फादर? आमच्या धुऱ्यावर हाय ना. कुठंबी जा, पळसाले पानं तीनच!"

सगळे हसले. पण त्याच सकाळी एका भावाने हलक्या आवाजात जे विचारले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पावसाने त्याचे सोयाबीन गेले आहे, कर्ज थकले आहे. तो म्हणाला, "माणसं चिंतेनं झोपत नाहीत, आन् आपण फुलं पाहाले चाललो. हे बरं दिसते का, फादर?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

बुलढाणा–खामगाव रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो. ज्ञानगंगा अभयारण्य ते हेच. १९९७ साली जाहीर झालेले, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे. अस्वले आणि बिबटे इथले नेहमीचे. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात इथेच पोहोचला होता. फेब्रुवारीअखेर या जंगलात हिरवे फारसे काही उरत नाही. सागाची पाने पायाखाली कुरकुरतात. दरीकडे उतरताना सारे करडे दिसते आणि मध्येच पळस उभा असतो. अंगावर पान नाही, पण फांदीफांदीवर केशरी फुले. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी, म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात. या फुलाला वास नाही. सुभाषितकारांनी तर विद्या नसलेल्या देखण्या माणसाला याच फुलाची उपमा देऊन ठेवली! पण मधुरस भरपूर असतो, म्हणून साळुंक्या आणि सूर्यपक्षी दिवसभर झाड सोडत नाहीत. मुलांना मी सांगितले, दहा मिनिटे फोटो नाही आणि बोलणे नाही. मुले उभी राहिली. मीही राहिलो.

सेमिनरीत आम्ही इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ शिकलो. १७९० सालच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, सुंदर वस्तू पाहून होणारा आनंद निःस्वार्थ असतो. ती माझी व्हावी, माझ्या उपयोगी पडावी, असे त्या क्षणी वाटत नाही. पुढे तो असेही सुचवतो की, जो माणूस एकटाच, कोणाला सांगण्याचा हेतू न ठेवता रानफूल पाहत राहतो, त्याचे मन चांगुलपणाकडे झुकलेले असावे. मला वाटते, यात आपल्या कामाची गोष्ट आहे. दिवसभर आपण प्रत्येक वस्तूकडे आणि माणसाकडे 'याचा मला काय उपयोग' या नजरेने पाहतो. फुलासमोर ती नजर थोडा वेळ खाली ठेवावी लागते. ज्याला ती कधीच खाली ठेवता येत नाही, त्याला उपयोग नसलेला माणूस कसा दिसणार? अंथरुणाला खिळलेले म्हातारपण कसे दिसणार?

शिवाय, रानातल्या फुलांकडे पाहा असे प्रभू येशूने कोणाला सांगितले? पोटभरल्या लोकांना नव्हे. उद्या काय खावे, काय नेसावे, या चिंतेत असलेल्यांना सांगितले. तेव्हा फूल पाहणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, असे म्हणता येत नाही. कर्जात बुडालेल्या भावाचाही त्या केशरी रंगावर माझ्याइतकाच हक्क आहे. तो हक्क त्याला आठवत नाही इतकी चिंता त्याच्यावर आहे, हे मात्र आपणा सर्वांचे दुःख आहे.

पण इथे थांबलो तर मी स्वतःची फसवणूक करीन. फुलांवर प्रेम करणारी माणसे क्रूर वागल्याची उदाहरणे इतिहासात कमी नाहीत. फूल आपल्याला चांगले करीत नाही. ते फक्त पाहण्याचा सराव देते, आणि सरावाची परीक्षा घरी परतल्यावर होते. परतताना माझी परीक्षा झाली. पळसासमोर मी दहा मिनिटे उभा राहिलो, पण त्या भावाच्या दारावरून महिनाभर मोटारसायकलने जात होतो आणि एकदाही उतरलो नव्हतो. मदतीच्या यादीत त्याचे नाव मीच लिहिले होते. नाव लिहिले आणि माणूस पाहायचा राहून गेला. त्याच्या प्रश्नाचा खरा रोख फुलांवर नव्हताच. त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. कर्ज फिटले नाही. आम्ही चहा घेतला आणि बराच वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी आजींना सहल कशी झाली ते सांगायला गेलो. त्यांनी उभी हयात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावल्या आहेत. मी म्हटले, "आजी, तुमच्यासाठी पळस म्हणजे पोट. आम्ही मात्र नुसतेच पाहायला गेलो." त्या म्हणाल्या, "नुसतं मीबी पाहतो, फादर. फुलला का दरसाल धुऱ्यावर जराशी उभी राहतो. कोनाले सांगत नाही."

कांटचा तो एकटा माणूस मला आपल्याच धर्मग्रामात भेटला. आणि एके ठिकाणी कांटला दुरुस्तीही मिळाली. ज्याच्यावर पोट आहे, त्याच्याकडेही निःस्वार्थपणे पाहता येते. गरज आणि माया एकाच धुऱ्यावर राहू शकतात.

पळसाला पाने तीनच, हे खरे. ती पाहायला लांब जावे लागते असे नाही, थांबावे मात्र लागते. या आठवड्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात. एका झाडासमोर पाच मिनिटे काही न करता उभे राहावे. आणि एका घरी काहीही काम नसताना जावे. दुसरी जमली नाही, तर पहिलीची फुशारकी मारू नये.

आपला,
धर्मगुरू