छताखालचे लेकरू कोणाचे?



आपल्या विदर्भात जूनअखेर शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाऊसही लागतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात तसेच घडले, सात मुले गेली. दोन्ही शाळा सरकारी होत्या.

अशा वेळी आपण हळहळतो. पण सुरक्षित छत ही मुलांवर केलेली दया आहे की त्यांचे देणे? २००४ साली कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी स्पष्ट केले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. म्हणजे हे देणेच आहे.

ते फेडले कसे जाते? समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि १०० पर्यंत पटाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातच खडू, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम पोडांवर आणि बंजारा तांड्यांवर शाळांचा पट लहानच असतो. डोकी मोजून खडू वाटता येतील, पण जीवाचे मोल डोकी मोजून ठरत नाही. गळणारे छत पट विचारत नाही.

शासनाकडे पैसा मर्यादित आहे, हे खरे. म्हणूनच आधी कोणाला, हा न्यायाचा प्रश्न होतो. धोका मोठा तेथे पैसा आधी, हेच न्याय्य.

मात्र सगळे शासनावर ढकलून आपण मोकळे होत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिने केलेला विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार मानला आहे. पण ज्यांची लेकरे तेथे शिकतात, त्यांपैकी अनेकांना मजुरी बुडवून बैठकीला जाणे परवडत नाही. ज्यांना अर्ज लिहिता येतो, अशा आपल्यापैकी अनेकांची मुले दुसऱ्या शाळेत जातात. मग मागणार कोण?

आपले मूल त्या छताखाली नाही, म्हणून ते छत आपले नाही, असे आपल्याला म्हणता येईल का? आपापल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन भिंती-छत पाहू या. पालकांना अर्ज लिहायला मदत करू या आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्यासोबत पंचायत समितीत खेटे घालू या.