थंड मांडी

मराठी माणसाच्या आयुष्यात मांडीला जे स्थान आहे ते डोक्यालासुद्धा नाही. डोकं काय, कुणी वापरतं, कुणी नुसतंच टोपीसाठी राखून ठेवतं. मांडीवाचून मात्र कुणाचंच चालत नाही. जेवायला बसायचं ते मांडी घालून. आपण मोठ्यांच्या बरोबरीचे झालो हे जगाला कळवायचं ते त्यांच्या मांडीला मांडी लावून. पोराचे कान टोचायचे तर मामाची मांडी लागते. पुराणांत तर निम्मी भानगड मांडीवरूनच. ध्रुवबाळाला बापाची मांडी मिळाली नाही म्हणून त्यानं आकाशातली अढळ जागा मिळवली. हिरण्यकश्यपूला ती न मागता मिळाली आणि त्याचं काय झालं ते आपण जाणताच. दुर्योधनानं भर सभेत मांडी दाखवली, ती भीमानं नीट लक्षात ठेवली. आणि कर्ण! गुरूंची झोप मोडू नये म्हणून भुंगा मांडी पोखरत असताना या गृहस्थानं हूं की चूं केलं नाही. बक्षीस काय मिळालं, तर शाप.

अशा या परंपरासंपन्न जागेवर गेल्या शतकाच्या अखेरीस लॅपटॉप येऊन बसला. १९८१ साली ऑस्बॉर्न नावाचा जो हातातून नेण्याजोगा संगणक बाजारात आला त्याचं वजन सुमारे अकरा किलो होतं. त्याला कुणी मांडीवर घेतलं असतं तर मांडीच हातात आली असती. पुढे यंत्रं हलकी झाली, मांडीवर मावू लागली, आणि मग गरम होऊ लागली. आता कंपन्या सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापतात की, हे यंत्र फार वेळ मांडीवर ठेवू नये. म्हणजे वस्तूचं नाव ठेवायचं पांघरूण आणि आत लिहायचं, कृपया अंगावर घेऊ नये!

बरं, ही तक्रार नुसती लाडाची नाही. चटका बसत नाही इतपतच ऊब रोज तासन् तास एकाच जागी लागत राहिली तर कातडीवर जाळीदार तपकिरी वण उठतात. पूर्वी हे वण चुलीशी, शेगडीशी बसणाऱ्या बायकांच्या पायांवर आणि फेरनच्या आत कांगडी घेणाऱ्या काश्मिरी माणसांच्या अंगावर डॉक्टर पाहत. आता ते लॅपटॉपवाल्यांच्या मांडीवर पाहतात. एवढी प्रगती झाली, पण शेगडी काही सुटली नाही.

मी मुळशी तालुक्यात राहतो. हे सांगितलं की लोक विचारतात, 'तिकडे लॅपटॉपचं काय काम?' त्यांच्या डोळ्यांपुढे भाताची खाचरं आणि ताम्हिणीचे धबधबे असतात. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नसतं. जगभरच्या बँका ज्यांच्या मांडीवर चालतात ती मंडळी आमच्या तालुक्यात रोज वाहतुकीत अडकलेली असतात. त्यांतलाच एक माझा भाचा. लॅपटॉप घ्यायचा ठरल्यावर मी साहजिकच त्याला विचारलं.

"मामा, बजेट किती?" तो म्हणाला.

मध्यमवर्गीय माणसाला बजेट विचारू नये. त्याचं बजेट एकच असतं : शेजाऱ्यानं दिले त्याहून पाचशे कमी. मी म्हटलं, "स्वस्त हवा आणि मांडीवर थंड राहायला हवा. दुसरी अट नाही."

भाचा हसला. मग त्यानं मला जे शिकवलं ते फुकट मिळालेलं असल्यामुळे तुम्हालाही फुकट देतो. यंत्राची ऊब ठरते ती त्याच्या चिपवर. इंटेलच्या 'एच' मालिकेतली चिप साधारण ४५ वॅटच्या हिशेबानं बांधलेली असते, 'यू' मालिकेतली १५च्या आसपास आणि २०२३ साली आलेली एन-१०० अवघ्या ६ वॅटची. जोर लावला की हे आकडे चढतात, पण क्रम बदलत नाही. जितके वॅट तितकी ऊब, कारण चिप खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता म्हणूनच बाहेर टाकते. आकडेमोड हे निव्वळ निमित्त. पंखा असेल तर झरोके कुठे आहेत ते पाहावं. ते तळाला असले तर गोधडीवर ठेवलेल्या यंत्राचा श्वास कोंडतो. ॲपलनं २०२० साली पंखाच नसलेला एअर काढला, तो थंड राहतो, पण त्याची किंमत ऐकून आपण गरम होतो.

"तुम्हाला करायचंय काय मामा? चार पत्रं लिहायची, बातम्या वाचायच्या. सहा वॅटमध्ये भागेल. आणि जड काम आलंच तर ते क्लाउडवर करायचं. म्हणजे ते इथे होतच नाही. मांडी एकदम गार!"

क्लाउड म्हणजे ढग. मुळशीकराला ढगाचं कौतुक सांगू नये. चार महिने ते आमच्या घरात राहायला असतात. मी विचारलं, "हा तुझा ढग असतो कुठे?"

"असेल ऐरोलीला, नाहीतर इथेच पुण्यात."

तर ढग ऐरोलीला असतो. तिथे मोठमोठ्या इमारतींत कपाटांच्या रांगांनी यंत्रं तापत बसलेली असतात आणि त्यांना निववायला आणखी वीज लागते, कुठे पाणीही लागतं. म्हणजे माझी उष्णता नाहीशी झालीच नाही. तिनं फक्त मांडी बदलली.

इथे मला जरा बोचलं. कारण मांडी बदलण्याचा हा खेळ आमच्या तालुक्यानं एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना स्वच्छ, धूर न करणारी, स्वस्त वीज हवी होती. मागणी चांगलीच होती. माझ्या मागणीसारखीच, स्वस्त आणि थंड. त्यासाठी टाटांच्या कंपनीनं मुळेवर धरण घातलं. पूर्वेकडे निघालेलं पाणी सह्याद्रीतून उलटं फिरवून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर सोडलं, आणि १९२७ साली तिथून वीज सुरू झाली. अवघड, अचाट काम! पण धरणाच्या पोटात मुळशी खोऱ्यातली पन्नासएक गावांची जमीन आणि घरं गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पडले आणि 'सेनापती' होऊन बाहेर आले. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत ते सारं चाललं आणि मग पाणी चढलं. राजेंद्र व्होरांनी आपल्या अभ्यासात या लढ्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे. मुंबईत दिवा लागला तेव्हा तो कुणाच्या चुलीवरून उचलून आणला हे दिव्याला कळायचं कारण नव्हतं. दिव्याखाली वाचणाऱ्याला कळायला हरकत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस धरणावर कुठे चढला? आणि मुंबईनं काय अंधारात बसायचं होतं? मुळीच नाही. मी स्वतः दिव्याखालीच हे लिहितो आहे आणि दिवा बंद करून पुण्य मिळवण्याची मला हौस नाही. ऊब लागणारच. काम झालं तिथे उष्णता होणारच, हे शास्त्रही सांगतं आणि संसारही सांगतो. प्रश्न एवढाच की, थंडाव्याच्या दोन जाती असतात, त्या ओळखू याव्यात. एक थंडावा कमी मागण्यातून येतो : सहा वॅटमध्ये भागणारं आहे, मग पंचेचाळीस कशाला? तिथे उष्णता खरोखरच कमी होते, कुणाच्याच मांडीवर जात नाही. दुसरा थंडावा उष्णता पलीकडे सरकवण्यातून येतो. दोन्ही आपल्या मांडीला सारखेच गार लागतात. मांडीला फरक कळत नाही. म्हणून देवानं वर डोकंही दिलं आहे.

आणि ज्याच्याकडे ऊब सरकते तो बहुधा बोलत नाही. कर्णाची गोष्ट आपण सोशिकपणाचा धडा म्हणून पोरांना सांगतो. पण तीत निजलेलं माणूसही एक आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. गाढ झोप लागली असेल तर ती कुणाच्या मांडीवर लागली आहे आणि तिथे काही पोखरतंय का, एवढं अधूनमधून एक डोळा उघडून पाहावं. शाप देण्याआधी तर जरूर पाहावं.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्ही साडेआठ टक्के डिस्काउंट सोडून भलत्याच विचारात पडता." त्याचंही खरं आहे. डिस्काउंट सोडला नाही. सहा वॅटवालाच घेतला. कादंबरी लिहायला काढली तरी तो तापणार नाही असं भाचा म्हणतो, पण ती वाचणाऱ्यांची हमी तो देत नाही.

तरी खाली लाकडी पाट ठेवतो. लाकडातून ऊब सावकाश उतरते, तळाला वारा लागतो आणि पाट तापला तरी कुरकुरत नाही. सौभाग्यवतींचं म्हणणं, तो पाट त्यांच्या माहेरचा आहे आणि जेवायला बसण्यासाठी आहे. म्हणजे इथेही कुणीतरी जमिनीवर बसतंच आहे. तो प्रश्न सध्या वाटाघाटींत आहे.