किल्ली कोणाजवळ असावी?

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरात कुलूप नसलेल्या किल्ल्या हटकून सापडतात. कोणत्या पेटीची, कोणत्या कपाटाची, हे कोणालाच आठवत नाही. पण त्या टाकून द्यायला कोणाचा हात धजत नाही. धनत्रयोदशीला त्यांनाही हळदकुंकवाचे बोट लागते आणि त्या पुन्हा डब्यात जातात. यंदा तो डबा पुसताना माझ्या हाती आईच्या पेटीची किल्ली आली, आणि गेले वर्षभर मनात घोळत असलेला एक प्रश्न पुन्हा वर आला. आपल्याच घरात आपल्याच माणसांपासून काही कुलपात ठेवणे, हे योग्य की अयोग्य?

आई हयात असेपर्यंत ही किल्ली तिच्या कमरेला असे. लहानपणी मी एकदा ती मागितली, तेव्हा “तुले काय करायचं हाये त्याचं?” एवढेच म्हणून तिने पदर खोचला. ती गेल्यावर पहिल्या दिवाळीत आम्ही भावांनी पेटी उघडली. एखादा दागिना असेल, निदान चार नोटा असतील, असा आमचा समज. निघाली ती दोन लुगडी, वडिलांची काही पोस्टकार्डे आणि एक वही. दुधाच्या पैशांतून गल्लीतल्या बायकांना दिलेल्या उसन्या रकमा तिने तीत टिपल्या होत्या. कोणाच्या मुलीची फी, कोणाच्या नवऱ्याचे औषधपाणी. त्यांतल्या कितीतरी बायका चार पाहुण्यांदेखत आमच्या ओसरीवर ताठ मानेने बसत, आणि आई त्यांना पाट देऊन चहा पाजत असे. थोरला भाऊ म्हणाला, “वसूल करायचे का?” आणि स्वतःच ओशाळला. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती वही आम्ही न्हाणीच्या बंबात घातली.

आईने ते कुलूप स्वतःसाठी लावलेच नव्हते. तिच्या पेटीत दुसऱ्यांची अब्रू होती.

ही गोष्ट मला कळली, पण वळली नाही. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. कागद सुटून आता संगणक आला आहे. तो आमच्या मधल्या खोलीत असतो आणि सगळ्या घराचा आहे. त्यात माझे एक फोल्डर होते. कादंबरीची प्रकरणे आणि वर्गातील मुलांविषयीची टिपणे त्यात असत. एका मुलाने मला मधल्या सुट्टीत सांगितले होते, की वडील रात्री पिऊन येतात, मग तो आईला घेऊन शेजारच्या ओट्यावर बसून राहतो, म्हणून गृहपाठ होत नाही. मी ते जसेच्या तसे लिहून ठेवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने खेळ शोधता शोधता ते उघडले, हसत हसत मित्रांना सांगितले, आणि आठ दिवसांत ते ओट्याओट्यावर गेले. शाळा उघडली, तेव्हा पंधरा दिवस तो मुलगा आलाच नाही. आला तो मागच्या बाकावर बसला. पुढे त्याने मला कधी काही सांगितले नाही.

भाच्याला मी रागावलो नाही. दार मीच उघडे टाकले होते.

तेव्हा माझा अकरावीतला मुलगा म्हणाला, “बाबा, फोल्डरला कुलूप लावू. फुकट मिळतं.” आधी त्याने मला एक खोटे कुलूप दाखवले. काही कार्यक्रम फोल्डर नुसते नजरेआड करतात. जाणत्या पोराने दोन कळा दाबल्या की ते पुन्हा पुढे हजर. माठ पोत्याखाली झाकावा, तसे ते. मग त्याने खरे कुलूप दाखवले. व्हेराक्रिप्ट नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे. 2013 साली तो निघाला. तो लिखाणाची अक्षरेच अशी उलटीपालटी करतो, की परवलीचा शब्द दिल्याशिवाय त्यातून अर्थ निघत नाही. आतली खरी किल्ली ज्या आकड्यांतून निवडली जाते, त्यांची संख्या अठ्ठ्याहत्तर अंकी आहे, असे मुलाने सांगितले. मी हात जोडले. मात्र शब्द सोपा ठेवला, तर हा सारा आटापिटा व्यर्थ; आणि काम संपल्यावर पुन्हा कुलूप घालायला विसरलो, तर नसल्यातच जमा.

‘फुकट’ म्हटले, की आपल्या माणसाला शंका येते, आणि ती यावी. फुकट कुलूप देणारा दुसरी किल्ली आपल्या खिशात ठेवत असला तर? अशा लबाडीला जागा असतेच. पण या कुलपाची सारी घडण जगापुढे उघडी मांडलेली आहे. कोणाही जाणकाराने ती तपासावी. 2016 साली तज्ज्ञांनी ती तपासून दोष दाखवले, आणि त्यांतले मोठे दोष दुरुस्त झाले. पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवणारे केर्कहॉफ्स नावाचे मूळचे डच शिक्षक होते. त्यांनी 1883 सालीच सांगून ठेवले, की कुलपाची रचना शत्रूला कळली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आमच्या आईला हे शास्त्र न वाचताच ठाऊक होते. पेटी कोठे आहे, हे साऱ्या घराला माहीत होते.

मुलाने कुलूप बसवले, आणि त्याच रात्री पत्नीने विचारले, “आमच्यापासून लपवण्यासारखं असं काय लिहिता हो तुम्ही?” ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. एका ताटात जेवणाऱ्यांत आडपडदा नसावा, हे आपले संस्कार. पण वाचकहो, न्हाणीला दार असते, देवापुढे डोळे मिटलेल्या माणसाला ‘काय मागितलेस?’ असे कोणी विचारत नाही, आणि मुलीचे पत्र बाप फोडत नाही. यात लबाडी असते का? आमच्या वरणगावी 1964 सालापासून काडतुसांचा कारखाना आहे. तेथे नोकरी केलेले आमचे एक शेजारी तीस वर्षांत जेवताना कामाचा एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्या पत्नीने विचारलेही नाही. त्या घरात विश्वास कमी होता, असे मला कधी दिसले नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. न्यायालयाने हक्क सांगितला; पण घराच्या आत हक्काची भाषा फार दूर जात नाही. तेथे कर्तव्याचीच भाषा लागते. ज्यांनी भरवशाने सांगितले, त्यांचे सांगणे राखावे, हे ते कर्तव्य.

तरी दुसरी बाजू आहेच. आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, वहीत उतरून ठेवली होती. 1951 साली बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 साली पुस्तक निघाले. ती वही आजच्या कुलपात असती आणि परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसता तर? पत्र्याची पेटी लोहार फोडतो. हे कुलूप फोडणारा लोहार नाही. शब्द विसरला, की ज्याने कुलूप बनवले, त्याच्याही हातात काही राहत नाही. म्हणजे कुलूप लावणाऱ्याने आपल्या मागचाही विचार केला पाहिजे.

मी शेवटी काय केले, ते सांगतो. मुलाने विचारले, “बाबा, ती पोरांची टिपणंही आत टाकू ना?” मी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसलो. त्या मुलाने ते माझ्या कानात सांगितले होते. ते लिहून ठेवण्याची परवानगी मी कोठे घेतली होती? आईला वही ठेवणे भाग होते, कारण तो व्यवहार होता. माझी टिपणे मात्र कादंबरीकाराची हाव होती. काय कुलपात ठेवावे, याच्याही आधी काय आपल्याजवळ असावे, हा प्रश्न येतो. तो मी स्वतःला विचारलाच नव्हता. टिपणे मी पुसून टाकली. कादंबरी तेवढी कुलपात राहिली.

परवलीचा शब्द मी एका कागदावर लिहिला, पाकिटात घालून ते चिकटवले आणि पत्नीच्या हाती दिले. “मी असेपर्यंत उघडू नकोस,” म्हणालो. तिने ते हातात तोलून पाहिले. “मग माझ्याकडे कशाला देता?” तिने विचारले. “उघडणार नाहीस म्हणून,” मी म्हणालो.

तिने ते पाकीट बेवारशी किल्ल्यांच्या डब्यात, आईच्या किल्लीशेजारी ठेवले. या धनत्रयोदशीला त्यालाही हळदकुंकवाचे बोट लागले. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता वरच्या वर्गात गेला आहे. रस्त्यात भेटला, की मान खाली घालून नमस्कार करतो. मीही मान खालीच घालतो.