पोटातला वायू आणि पाठीचे दुखणे

पोटात वायू धरला की अनेकांची पाठही दुखू लागते. वाल, पावटे, हरभरा यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. भराभर जेवताना गिळलेली हवा त्यात भर घालते. वायू साचून आतडे ताणले की वेदना पाठीत जाणवू शकते. कारण आतड्यांच्या आणि पाठीच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात आणि मेंदूला दुखण्याची नेमकी जागा ओळखता येत नाही. ढेकर आला किंवा वायू सरला की ही पाठदुखी बहुधा ओसरते.

अशा वेळी पडून राहण्यापेक्षा सावकाश फेऱ्या माराव्यात. पवनमुक्तासनात उताणे झोपून गुडघे छातीशी घेतले की वायू सरायला मदत होते. पोटाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा. चिमूटभर ओवा चावून वर कोमट पाणी पिणे हा घरोघरी चालत आलेला उपाय आहे. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मऊ शिजवली तर त्रास कमी होतो. घास नीट चावावा, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये.

मात्र पाठदुखीसोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो; तेव्हा लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ताप, शौचातून रक्त, पायांत बधिरपणा किंवा घटते वजन ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.